आधी यंदाचं खोटं

ताई, नमस्कार.

मी फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शेवटचं पोस्टिंग महूला होतं, म्हणून इंदुरातच सुदामा नगरात घर बांधलं. एकच मुलगी, टोरांटोला नोकरी करते. तिथेच तिने मुलगा पसंत केलाय. मुलगा चांगला आहे, मलाही आवडला. श्रीलंकेतल्या जाफन्याकडचा तमिळ आहे. त्याचे आईवडील १९९० नंतर कॅनडात गेले. जानेवारीत सगळे साखरपुड्यासाठी इंदूरला येणार आहेत.

गणपतीत व्हिडिओ कॉलवर मुलीने सहज विचारलं, 'बाबा, तुम्ही आयपीकेएफमध्ये, म्हणजे श्रीलंकेतल्या शांतिसेनेत होता का? त्याची आई विचारत होती.' मी म्हणालो, 'नाही, मी तेव्हा सिक्कीमला होतो.' ती म्हणाली, 'बरं झालं. त्यांचा धाकटा भाऊ १९८८ मध्ये गेला.' फोन ठेवल्यावर बैठकीतला पलटणीचा ग्रुप फोटो उतरवून कपाटात टाकला.

मी तिथे होतो. ऑक्टोबर १९८७ पासून १९८९ च्या उन्हाळ्यापर्यंत. १९८८ मधल्या एका संध्याकाळी पॅट्रोलवर असताना ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणांमधून एक पोरगा सायकलवर आला. आम्हाला बघून सायकल टाकून पळाला. मी एकदा ओरडलो, हिंदीत. मग फायर केला. दोनच दिवस आधी माझा जोडीदार सुरुंगात गेला होता. पण खरं सांगतो, हा पळतोय, आपल्यावर येत नाहीये, हे मला दिसत होतं. सायकलवरच्या पोत्यात लाल कांदे निघाले. प्रेत गाडीत घालून कॅम्पवर नेलं, पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. रिपोर्ट गेला, 'एक मिलिटंट ठार'. मला शाबासकी मिळाली. मी गप्प बसलो.

दरवर्षी सर्वपित्रीला उज्जैनला सिद्धवटावर जाऊन त्याच्यासाठी पाणी सोडतो. नाव माहीत नाही. पत्नीला वाटतं मी जोडीदारासाठी जातो. रात्री झोप नाही. कॅन्टीनची रम घेतो, तिचाही उपयोग होत नाही.

तो पोरगा त्या बाईंचाच भाऊ असेल तर? गप्प राहिलो तर लेकीचा संसार होईल, बोललो तर मोडेल. कधी वाटतं, साखरपुड्याआधी माझंच काही बरंवाईट झालं तर सगळ्यांचीच सुटका होईल. काय करू?

– एक माजी सैनिक, इंदूर

•

सुभेदार साहेब,

तुमचं शेवटून दुसरं वाक्य आधी घेते, बाकीचं नंतर. 'बरंवाईट झालं तर' हे वाक्य माणूस उगाच लिहीत नाही. म्हणून सरळच विचारते: जीव द्यायचा विचार मनात येतो का? येत असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि हिंदी-मराठीत बोलता येतं. १ डिसेंबर २०२३ ला सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तिचा वेगळा कक्षही सुरू झाला. महूच्या मिलिटरी हॉस्पिटलचा रस्ता मी तुम्हाला सांगायला नको. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड फक्त गुडघ्यांसाठी आणि साखरेच्या गोळ्यांसाठी नसतं. आणि झोपेसाठी रम घेणं आजपासून बंद करा. रमने झोप लागल्यासारखी वाटते, मग मध्यरात्री तीच उठवते. रोजची सवय फार जुनी असेल तर मात्र एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून सोडा.

राहिली 'सुटका'. ती कुणाची होणार? तुम्ही गेल्यावर तुमची मुलगी ते कपाट आवरायला बसेल. फोटो सापडेल, पेन्शनच्या कागदांत तारखा सापडतील, आणि मग हे सगळं तिला एकटीला कळेल. प्रश्न विचारायला बाप समोर नसेल. तुम्ही पोटात ठेवलेलं ओझं तुमच्याबरोबर जाणार नाही, तिच्या डोक्यावर येईल. म्हणून तो रस्ता बंद समजा. आता उरलेल्यांबद्दल बोलू.

आपल्या वाचकांतल्या तरुणांना आयपीकेएफ हे नावही ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी थोडंसं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली ती तमिळ बंडखोरांकडून शस्त्रं जमा करून घ्यायला आणि शांतता राखायला. सुरुवातीला तिथल्या तमिळ लोकांनी आपल्या जवानांना हार घातले. ऑक्टोबरमध्ये या बंडखोरांतल्या एलटीटीईविरुद्ध, म्हणजे तमिळ वाघांविरुद्ध, 'ऑपरेशन पवन' सुरू झालं आणि ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याच गल्ल्यांत लढाई पेटली. पुढे चार डिव्हिजन तिथे उतरल्या. अकराशेहून अधिक भारतीय जवान गेले. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, आणि मद्रासला तिच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, कारण याच सेनेने तमिळांना मारलं असं त्यांचं म्हणणं होतं. १९७१ च्या सैनिकाला गावाने खांद्यावर घेतलं. श्रीलंकेहून आलेल्याला कुणी काही विचारलंच नाही. न विचारणं त्या वेळी अनेकांना सोयीचंही वाटलं असेल, पण त्यामुळे तुमच्यासारख्यांनी जे आणलं ते उतरवून ठेवायला जागाच मिळाली नाही. वर्षांमागून वर्षं ते आत नुसतं पडून राहिलं, हे मला समजतं.

समजतं म्हणजे माफ करते असं नाही. तो अधिकारही माझा नाही. तुमच्या पत्रावर मला अनेक जण सांगतील की ताई, त्यांना लिहा, लढाईत असं होतंच, सैनिक हुकुमाचा ताबेदार, संध्याकाळची वेळ, जोडीदार नुकताच गेलेला. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण 'पळतोय हे मला दिसत होतं' हे तुम्हीच लिहिलंत. कुणी विचारलं नसताना लिहिलंत. एवढ्या वर्षांनी माणूस स्वतःविरुद्ध अशी साक्ष देतो तेव्हा ती पुसायला जाणं हा त्याचा अपमान आहे. मी ती पुसणार नाही.

पण एक बघा. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकात एक गुंतल्यात आणि तुम्ही तिघींना मिळून 'माझं पाप' म्हणताय. पहिली, ती गोळी. ती १९८८ मध्ये सुटली आणि परत येणार नाही. तिच्यात तुमच्याशिवाय बरंच काही होतं: ती लढाई, ते हुकूम, तो सुरुंग, समोरच्याला न कळणारी भाषा. दुसरी गोष्ट, तो रिपोर्ट. तो तुम्ही लिहिला नाहीत, पण शाबासकी घेतलीत आणि गप्प बसलात. त्या रिपोर्टमुळे एक कांदे नेणारा पोरगा कागदावर मिलिटंट झाला आणि आजही असेल. तिसरी गोष्ट, 'मी सिक्कीमला होतो'. ही यंदाच्या गणपतीतली. तिथे ना हुकूम होता ना सुरुंग. ही पूर्णपणे तुमची आहे.

तुम्ही सुरुवात पहिल्या गोष्टीपासून करू बघताय, म्हणून तुम्हाला वाट सापडत नाही. तिथे हात पोचतच नाही. सुरुवात शेवटच्या खोट्यापासून करा. ते ताजं आहे, घरातलं आहे, आणि ते दुरुस्त करायला जगात कुणाची परवानगी लागत नाही.

'झाकली मूठ' ठेवावी असं अजूनही वाटत असेल तर व्यवहाराचं बोलते. ही मूठ झाकलेली राहणार नाही. साखरपुड्याला कोण कोण येणार याची यादी करा. तुमचे भाऊ, मेहुणे, पलटणीतले एक-दोन दोस्त. आपल्याकडे फौजी माणसाची ओळख करून देताना लोकांना फार उत्साह येतो. सकाळच्या पोहे-जिलेबीच्या वेळी एखादे काका पाहुण्यांना मोडक्या इंग्रजीत सांगणारच, 'आमचा हा, श्रीलंकेत दोन वर्षं होता, एलटीटीईशी लढला.' त्या बाई चहाचा कप हातात घेऊन समोर उभ्या असतील. तुमची मुलगी बाजूला असेल. तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम कळतील: वडील तिथे होते, आणि वडील तिच्याशी खोटं बोलले. पहिली गोष्ट ती कदाचित पेलेल. दुसरीचं मला सांगता येत नाही. कारण 'नाही' हे तिने होणाऱ्या सासूला स्वतःच्या तोंडाने सांगितलं असणार. तुमचं खोटं आता तिच्या नावावर जमा झालंय.

म्हणून मुलीला सांगायचं. साखरपुड्याच्या बरंच आधी, ती इंदूरला यायच्या आधी. इथे आली की घर पाहुण्यांनी भरेल, तिला रडायला खोली मिळणार नाही. शनिवारी तिची सकाळ असेल तेव्हा, म्हणजे आपल्याकडे रात्र पडायला आल्यावर, फोन करा. तिला पुढे दीड दिवस सुट्टीचा मिळेल. मुलगा शेजारी नाही ना, हे आधी विचारा. त्याच्यापासून लपवायचं म्हणून नव्हे. तिला आधी एकटीने ऐकता यावं म्हणून.

काय बोलायचं तेही सांगते, कारण अशा वेळी माणूस प्रस्तावना करत बसतो. 'मी तुझ्याशी खोटं बोललो. मी १९८७ ते १९८९ श्रीलंकेत होतो. तिथे मी एका पळणाऱ्या, हातात काही नसलेल्या मुलावर गोळी झाडली आणि तो मेला.' एवढंच, आणि याच क्रमाने. जोडीदाराचा सुरुंग पहिल्या वाक्यात आणू नका. ती विचारेल तेव्हा सांगा. आधी सांगितलात तर तो खुलासा होतो, आणि ऐकणाऱ्यावर 'असू दे बाबा' म्हणायची सक्ती होते. तिला तसं म्हणायचं नसेल. ती गप्प बसेल, फोन ठेवेल, आठवडाभर उचलणार नाही. तो वेळ तिचा. त्या काळात दहा मेसेज पाठवून 'बाबांवर रागावलीस का' विचारू नका. तुम्ही रात्रभर गस्त घातलेला माणूस आहात, वाट बघणं तुम्हाला येतं.

दोन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. 'हे तुझ्यापुरतं ठेव' असं तिला म्हणायचं नाही. तसं म्हणालात तर तुम्ही इतकी वर्षं ज्या खोलीत कोंडून राहिलात तिथेच तिला घेऊन जाल, आणि नवऱ्याबरोबर संसार सुरू करायच्या आधीच. दुसरं, 'आता लग्नाचं काय' हा विषय तुम्ही काढायचा नाही. त्या मुलाला सांगायचं की नाही, कधी, कोणत्या शब्दांत, हे ती ठरवेल. तुम्ही फक्त एवढं म्हणा की तो किंवा त्याची आई मला काही विचारतील तर मी खरं उत्तर देईन. आणि तसंच करा.

लग्न मोडेल का? मोडू शकतं. तुमचं समाधान व्हावं म्हणून मी 'नाही मोडणार' लिहिणार नाही. पण तुमच्या पत्रात एक हिशेब चुकलाय. 'गप्प राहिलो तर लेकीचा संसार होईल' असं तुम्ही लिहिलंय. तो संसार तुमच्या गप्प बसण्यावर उभा असेल, तर सासूबाईंच्या प्रत्येक प्रश्नाला, नातवंडांच्या 'आजोबा, तुम्ही कुठे कुठे लढलात' या प्रश्नाला तुम्हाला नवं सिक्कीम शोधावं लागेल. नातवंडं अर्धी जाफन्याची असतील, साहेब. ती विचारणारच.

आता विहीणबाईंकडे येते. तो पोरगा त्यांचाच भाऊ असेल का, या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे. शक्यता आहे का? आहे. किती? ते ना तुम्ही सांगू शकता ना मी. १९८८ साली जाफना भागात तमिळ तरुण मरण्याची कारणं एकच नव्हती. आपल्या सेनेच्या गोळ्यांनी माणसं गेली. वाघांनी विरोधी गटांतल्या आणि 'खबरे' ठरवलेल्या कित्येक तमिळांना मारलं. वाघांच्या विरोधातल्या तमिळ गटांनीही मारलं, आणि त्यातले काही गट आपल्या सेनेच्या आश्रयाने वावरत होते. 'भाऊ १९८८ मध्ये गेला' या वाक्यात यातलं काहीही असू शकतं. आजारपणही. म्हणून मुलीकडून आडून आडून त्यांचं गाव, भावाचं नाव, वय काढून घेऊन नकाशावर बोट फिरवत बसू नका. जिला अजून माहीत नाही की विचारणारा कोण आहे, तिच्याकडून तिच्या मेलेल्या भावाची माहिती काढून घेणं मला चोरीसारखं वाटतं. त्या बाईंना तो प्रश्न विचारायचा असेल तर तुम्ही कोण आहात हे कळल्यावरच, आणि तोही त्यांनी दार उघडलं तर.

आणि समजा तो त्यांचा भाऊ नाही असं सिद्ध झालं. मग तुम्ही मोकळे? कुठल्या तरी गावात दुसरी एखादी बहीण असेलच ना. मला भीती वाटते ती याची की 'तो हा नव्हता' एवढं कळलं की तुम्हाला हायसं वाटेल आणि सगळं पुन्हा कपाटात जाईल.

विहीणबाईंना भेटायची वेळ आलीच तर साखरपुड्याच्या मांडवात नको. त्यांना आधी कळलेलं असावं, म्हणजे तुमच्या घरी यायचं की नाही हे त्या कॅनडात बसून ठरवू शकतील. परक्या गावात, आपल्या नातेवाइकांच्या गराड्यात, परतीचं तिकीट दहा दिवसांनंतरचं, अशा वेळी एखाद्या बाईला हे सांगणं म्हणजे तिला कोंडीत पकडणं. त्यांनी भेटायची तयारी दाखवली तर बसून बोला. आणि हात जोडून विनंती करते, त्यांच्या पाया पडू नका. तुम्ही पडाल, तुमचा स्वभाव पत्रातून दिसतोच. पण साठीचा पुरुष पायाशी वाकला की समोरच्या बाईला त्याला उठवावंच लागतं, आणि उठवताना 'जाऊ द्या हो' म्हणावंच लागतं. मनात नसलेली क्षमा त्यांच्याकडून अशी काढून घेऊ नका. माफी मागायची असेल तर मागा, आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता उठा.

सिद्धवटाबद्दल. तुम्ही तिथे पाणी सोडता त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी दरवर्षी क्षिप्रेवर जाणारा माणूस निर्ढावलेला नाही, हे मला दिसतं. पण आपल्या होळकरांच्याच घरातली एक गोष्ट तुम्ही इंदुरात ऐकली असेल. मल्हारराव १७६६ मध्ये गेले, नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षभरातच, १७६७ मध्ये, गेला. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने या भागात ऐकून लिहून ठेवलेली आख्यायिका अशी की मालेरावाने एका जरीकाम करणाऱ्याला संशयावरून मारलं. तो निर्दोष होता असं कळल्यावर मालेरावाचं मन ठिकाण्यावर राहिलं नाही. लोक म्हणत, त्या कारागिराचं भूतच त्याला लागलं. अहिल्याबाई मुलाच्या उशाशी बसून त्या भुताला विनवत. तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, याला सोड. उत्तर येई, मी निरपराध होतो, याने मला मारलं, मी याचा जीव घेणार. आख्यायिका आहे, भूत खरं की खोटं यात मी पडत नाही. मला तिच्यात वेगळंच दिसतं. त्या कारागिराला देऊळ नको होतं. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता की मी निरपराध होतो.

तुमच्या पोराचंही तेच आहे. पाण्याने तो तृप्त होईल की नाही, शास्त्री सांगतील. पण तो मिलिटंट नव्हता, पोत्यात कांदे होते, हे जगात ज्यांना माहीत असेल त्यांत तुम्ही एक आहात, आणि कदाचित शेवटचे. म्हणून मुलीशी बोलून झाल्यावर, घाई न करता, ते लिहून काढा. साल, महिना आठवत असेल तर महिना, जवळचं गाव, रस्ता, सायकल, पोतं, साधारण वय, प्रेत कोणत्या कॅम्पवर नेलं ते. पलटणीतल्या इतर कुणाचं नाव घालू नका. तुम्ही तुमच्यापुरतं बोला.

तो कागद कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न नाजूक आहे. श्रीलंकेत बेपत्ता माणसांचा शोध घेणारं सरकारी कार्यालय २०१६ च्या कायद्याने स्थापन झालं, २०१८ मध्ये त्यावर आयुक्त नेमले गेले. 'ऑफिस ऑन मिसिंग पर्सन्स' हे त्याचं नाव. गुप्ततेच्या अटीवर दिलेली माहिती जपण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. तिथल्या तमिळ आयांचा या कार्यालयावर फारसा विश्वास नाही, हेही तितकंच खरं. किलिनोच्चीत त्या फेब्रुवारी २०१७ पासून मुलांचे फोटो घेऊन धरण्याला बसल्या. त्यातल्या बहुतेकींची मुलं २००९ च्या शेवटच्या लढाईतली, पण वाट बघण्यात काय फरक? प्रेत घरी पोचलंच नसेल, तर तुमच्या त्या पोराची आईही तशीच वाट बघत गेली असेल. रेडक्रॉसकडेही हरवलेल्यांचा माग काढणारी यंत्रणा आहे, भारतात तिची शाखा आहे, आणि ती कुणाला शिक्षा करायला चालवलेली नाही.

पण हे कुठेही पाठवायच्या आधी वकिलाला भेटा. शक्यतो सैन्याच्या जॅग, म्हणजे कायदा शाखेतून निवृत्त झालेल्या वकिलाला. महूमुळे इंदुरात असा माणूस शोधणं फार अवघड जाऊ नये. आर्मी अ‍ॅक्टखाली कोर्ट मार्शलसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, ती कधीच उलटली. साध्या फौजदारी कायद्यात खुनाच्या आरोपाला अशी मुदत नसते. मात्र ड्यूटीवर असताना घडलेल्या गोष्टीसाठी सैनिकावर खटला चालवायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमच्या बाबतीत यातलं काय लागू पडेल, हे कागद बघून वकीलच सांगेल. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. खरं सांगायची किंमत काय असू शकते हे माहीत असताना सांगितलं तर ते अर्ध्यात मागे घ्यावं लागत नाही. मुलीला तोंडी सांगायला मात्र वकील लागत नाही. ते त्याच्यासाठी अडवून ठेवू नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक गोष्ट स्पष्ट बोला. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी लढाईसारख्या प्रसंगांनंतरच्या आघाताला आजार म्हणून अधिकृत नाव दिलं. उपचारांत बराचसा भर भीतीवर राहिला: स्फोट, दचकणं, फटाक्यांचा आवाज. पण व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्यांच्या लक्षात आलं की काहींना भीतीपेक्षा स्वतःच्या हातून घडलेलं छळतंय, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. तुम्ही डॉक्टरांना 'झोप येत नाही' एवढंच सांगितलंत तर झोपेची गोळी मिळेल. काय घडलं ते सांगितलंत तर ते योग्य माणसाकडे पाठवतील.

राहिल्या वहिनी. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आहे, 'पत्नीला वाटतं मी जोडीदारासाठी जातो.' तीस-पस्तीस वर्षं ज्या बाईने तुमचं रात्रीचं ओरडणं ऐकलंय, फोटो भिंतीवरून गेल्याचं जिने न बोलता पाहिलंय, तिला एवढंच वाटत असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? मुलीला फोन लावायच्या आधी त्यांना सांगा, दोन दिवस तरी आधी, म्हणजे तुम्ही फोनवर बोलत असताना त्या स्वयंपाकघरातून पहिल्यांदा ऐकत नसतील. मुलगी फोन ठेवल्यानंतर आधी आईला फोन करेल. तेव्हा आईला माहीत असलं पाहिजे.